फक्त व्याज भरतोय, तरी ग्नूकॅशमध्ये कर्ज कमी होतंय: नेमकं कुठे बिघडतं

बांधकाम चालू असलेल्या घरासाठी कर्ज घेतलंय. बँकेनं बिल्डरला दहा लाखांचा पहिला टप्पा दिलाय आणि बचत खात्यातून दर महिन्याला प्री-ईएमआय कापला जातोय. प्री-ईएमआय म्हणजे निव्वळ व्याज, त्यातून मुद्दलाचा एक रुपयाही फिटत नाही. पण ग्नूकॅश (घरचा हिशेब लिहायचं सॉफ्टवेअर) उघडलं की कर्जखात्यात बाकी दिसते ९,९५,३४२. पुढच्या महिन्यात ९,८८,३५६. बँकेच्या खातेउताऱ्यात मात्र मुद्दल ठाम दहा लाखच.

बरेच जण इथे नोंद हातानं दुरुस्त करतात आणि हात झटकतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग एक ‘अॅडजस्टमेंट’ नावाचं खातं उघडलं जातं, दर महिन्याचा फरक त्यात ढकलला जातो, आणि वर्षाअखेरीस त्या खात्यात सत्तर-ऐंशी हजार साचतात. ते कशाचे, हे कुणालाच सांगता येत नाही. (ते व्याजच असतं. फक्त खर्चात कुठे दिसत नाही, म्हणून ‘या वर्षी बचत बरी झाली’ असा गोड गैरसमज होतो.)

ही पोस्ट ग्नूकॅश धरून लिहिली आहे, कारण ते फुकट आहे, संगणकावरच चालतं आणि दुहेरी नोंदीचं आहे, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा लिहितं. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेनूची नावं बदलतील, हिशेब तोच.

आधी एक खात्री करून घ्या

तुमचं कर्ज खरंच केवळ व्याजाचं आहे का? काही बँका बांधकाम चालू असतानाच पूर्ण हप्ता सुरू करण्याचा पर्याय देतात. त्यात दिलेल्या टप्प्यांवरचं व्याज वळतं करून उरलेली रक्कम मुद्दलात जाते. तुम्ही तो पर्याय निवडला असेल तर बाकी कमी होणं बरोबरच आहे. मंजुरीपत्रात किंवा खातेउताऱ्यात दोन मिनिटांत कळतं.

दुरुस्ती टिकत का नाही

तीन जागा आहेत, आणि तिन्ही मागची चूक पुन्हा जिवंत करतात.

पहिली जागा, रजिस्टरमधली आपोआप भरती. ‘होम लोन’ असं वर्णन टाइप करायला लागलात की ग्नूकॅश त्याच वर्णनाची मागची नोंद जशीच्या तशी उचलून आणतं, खात्यांसकट.

दुसरी, शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शनचा (ठरलेल्या तारखेला आपोआप पडणाऱ्या नोंदीचा) साचा. तुम्ही रजिस्टरमधली एक नोंद सुधारलीत, पण साचा तसाच राहिला. पुढच्या महिन्याची नोंद त्या साच्यातूनच येणार.

तिसरी जागा सगळ्यात चिवट. बचत खात्याचा उतारा आयात करताना ग्नूकॅश कोणत्या मजकुराला तुम्ही कोणतं खातं दिलंत हे लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी तेच सुचवतं. हा शिकलेला नकाशा टूल्स मेनूतल्या इम्पोर्ट मॅप एडिटरमध्ये बघता येतो आणि पुसताही येतो.

आता इथे बहुतेक जण काय करतात? साचा बदलून बचत खात्यातून थेट ‘व्याज खर्च’ असं दाखवतात. हे चुकीचं नाही. कर्जाची बाकी दहा लाखांवर स्थिर राहते. पण मग कर्जखात्याची बँकेच्या उताऱ्याशी जुळवणी करायला बसा. उताऱ्यात दर महिन्याला दोन ओळी असतात: महिनाअखेरीस व्याज नावे, आणि पुढच्या महिन्याच्या ५ किंवा १० तारखेला तुमचा भरणा जमा. तुमच्या कर्जखात्यात मात्र एकही ओळ नाही. जुळवायला काही नाहीच, म्हणून बँकेची चूक सापडायची शक्यताही नाही.

माझं म्हणणं असं की भरण्याच्या नोंदीला हातच लावू नका. बचत खात्यातून कर्जखात्यात पैसे गेले ही नोंद बरोबर आहे, बँकही तशीच करते. गायब आहे ती दुसरी नोंद, बँकेनं व्याज आकारल्याची. ती आली की वरच्या तिन्ही जागा जे सुचवतात ते आपोआप योग्य ठरतं.

दोन नोंदींची पद्धत

खाती अशी हवीत: देणीखाली ‘गृहकर्ज’, प्रकार लायबिलिटी. खर्चाखाली ‘गृहकर्ज व्याज, ताबा-पूर्व’. मालमत्तेखाली ‘बांधकामाधीन घर’. ताबा-पूर्व व्याज वेगळं का ठेवायचं ते पुढे येईलच.

३१ मे रोजी पहिली नोंद: खर्चाच्या खात्यात नावे ४,६५८, गृहकर्जाच्या खात्यात जमा ४,६५८. रजिस्टरमध्ये कर्जखात्याच्या ‘इन्क्रीज’ रकान्यात ही रक्कम येईल. बाकी झाली १०,०४,६५८. घाबरू नका, त्या दिवशी तुम्ही बँकेला खरोखरच तेवढं देणं लागता.

५ जूनला दुसरी नोंद: बचत खात्यातून ४,६५८ कर्जखात्याच्या ‘डिक्रीज’ रकान्यात. बाकी पुन्हा दहा लाख.

बाकी वजा चिन्हासह किंवा लाल रंगात दिसत असेल तर तो हिशेबाचा दोष नाही. प्रेफरन्सेसमध्ये अकाउंट्सखाली ‘रिव्हर्स बॅलन्स्ड अकाउंट्स’ असा पर्याय आहे. तिथे ‘क्रेडिट अकाउंट्स’ निवडलेलं असलं की देणी अधिक चिन्हानं दिसतात.

मागचे महिने आधीच बिघडलेले असतील तर सगळं पुसून नव्यानं लिहू नका. भरण्याच्या नोंदी आहेत तशा ठेवा. खातेउतारा समोर घेऊन प्रत्येक महिन्याची व्याज-आकारणी त्या त्या तारखेला टाका, आणि ‘अॅडजस्टमेंट’ खात्यातल्या नोंदी तेवढ्या काढून टाका. मग रीकन्साइल (उताऱ्याशी जुळवणीची सोय) उघडून पहिल्या महिन्यापासून क्रमानं जुळवत या. शेवटच्या महिन्यापासून मागे जाण्याचा मोह टाळा, एक जुना फरक पुढच्या सगळ्या महिन्यांत लपून बसलेला असतो.

रीकन्साइलच्या पहिल्याच खिडकीत ‘एंटर इंटरेस्ट चार्ज’ असं बटण असतं. दर महिन्याची व्याजाची नोंद तिथूनच टाकता येते. प्रेफरन्सेसमध्ये आपोआप व्याज विचारण्याचा पर्याय चालू केला तर ती खिडकी स्वतःहून पुढे येते. ज्यांना शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शनचा कंटाळा आहे त्यांनी एवढ्यावर थांबलं तरी चालेल.

शेड्यूल वापरायचंच असेल तर साच्यात आकडा लिहू नका. नावे आणि जमा दोन्ही रकान्यांत रोमन अक्षरांत एकच शब्द लिहा, उदाहरणार्थ ‘vyaj’. हा चल झाला, म्हणजे दर वेळी नवी किंमत घेणारा शब्द. नोंदीची वेळ आली की ‘सिन्स लास्ट रन’ची खिडकी त्याची किंमत विचारेल आणि तुम्ही उताऱ्यातला आकडा द्याल.

कर्जाचा सहायक इथे वापरू नका

अॅक्शन्स मेनूत शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शन्सखाली ‘मॉर्टगेज अँड लोन रीपेमेंट’ नावाचा सहायक आहे. नाव बघून सगळे तिकडेच जातात. तो समान मासिक हप्त्याच्या कर्जासाठी बनवलेला आहे. दहा लाख, ८.५ टक्के, २४० महिने असं भरलंत की तो ८,६७८ चा हप्ता धरतो आणि पहिल्याच महिन्यात १,५९५ रुपये मुद्दल फेडलं असं लिहितो. ते कुणीच फेडलेलं नाही. शिवाय आयपीएमटी आणि पीपीएमटी ही हप्त्यातलं व्याज आणि मुद्दल काढणारी सूत्रं साच्यात बसवून ठेवतो, त्यामुळे पुढे दर बदलला किंवा दुसरा टप्पा सुटला की सगळंच विस्कटतं.

तसंच मंजूर रक्कम सुरुवातीची बाकी म्हणून टाकू नका. चाळीस लाख मंजूर झाले म्हणजे चाळीस लाखांचं देणं झालं असं नाही. बिल्डरचं डिमांड लेटर येतं, बँक टप्पा सोडते, तेव्हा तेवढंच देणं वाढतं: ‘बांधकामाधीन घर’ नावे, ‘गृहकर्ज’ जमा. पैसे तुमच्या बचत खात्यातून जात नाहीत, म्हणून आयातीत ही नोंद कधीच येणार नाही. ती हातानंच टाकावी लागते. निम्म्या तक्रारी या एका विसरलेल्या नोंदीमुळे होतात, असं माझं मत आहे.

व्याज बँकेशी जुळत नाही

खरा वेळ खाणारा भाग हा. सॉफ्टवेअर किंवा तुमची एक्सेल म्हणते ७,०८३, बँक म्हणते ६,९८६. पुढच्या महिन्यात बँक ७,२१९ म्हणते. दर तोच, मुद्दल तेच.

तुम्ही वार्षिक व्याजाला बारानं भागताय, बँक दिवस मोजतेय. दहा लाखांवर ८.५ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ८५,०००. बारानं भागलं की ७,०८३.३३. रोजच्या बाकीवर ३६५ दिवसांनी मोजलं तर जूनच्या तीस दिवसांचं ६,९८६.३०, जुलैच्या एकतीस दिवसांचं ७,२१९.१८, आणि अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीचं ६,५२०.५५. पूर्ण वर्षाची बेरीज दोन्हीकडे ८५,०००च येते. म्हणून एका महिन्याच्या फरकावरून बँकेला मेल लिहू नका, आणि सॉफ्टवेअरलाही व्याज मोजायला लावू नका. आकडा उताऱ्यातून घ्या, मोजणी फक्त तपासणीसाठी.

तपासणीची सोपी रीत अशी. एका दिवसाचं व्याज काढा: ८५,००० भागिले ३६५, म्हणजे २३२.८८. फरकाला या आकड्यानं भागा. उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ आलं तर भांडण दिवसांचं आहे.

पहिल्या महिन्यात हे हमखास होतं. वरच्या उदाहरणात टप्पा १२ मे रोजी सुटला, १२ ते ३१ मे असे वीस दिवस, व्याज ४,६५७.५३, म्हणून उताऱ्यात ४,६५८. समजा बँकेनं १२ तारखेचा धनादेश काढला, पण बिल्डरच्या हातात तो २० तारखेला पडला. आठ दिवसांचे १,८६३ रुपये जादा लागले. असे प्रकार रिझर्व्ह बँकेला तपासण्यांमध्ये आढळले होते. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणं, धनादेश हाती देण्याआधीपासूनचं व्याज घेणं आणि महिन्याच्या मध्यात दिलेल्या कर्जावर पूर्ण महिन्याचं व्याज आकारणं हे अयोग्य असल्याचं तिनं सांगितलं. तुमचा फरक असा निघाला तर ते परिपत्रक दाखवून लेखी मागणी करा.

दुसरं कारण, महिन्याच्या मध्यात सुटलेला टप्पा. १८ जुलैला आणखी सहा लाख गेले. आता जुलैचं व्याज दोन तुकड्यांत: दहा लाखांवर १७ दिवसांचं ३,९५८.९० आणि सोळा लाखांवर १४ दिवसांचं ५,२१६.४४, मिळून ९,१७५.३४. सोळा लाखांवर पूर्ण महिना धरला असेल तर आकडा ११,५५१ येईल. तो दिसला तर वरचंच परिपत्रक.

तिसरं, दर बदलणं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाह्य मानदंडाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते त्याच्याशी), जोडलेली आहेत आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर नव्यानं ठरतो. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. एवढ्या काळात तुमच्या साच्यात जुनाच दर बसून असेल तर काहीच जुळणार नाही. १० ऑगस्टला दर ८.५ वरून ८.२५ झाला असं धरा. सोळा लाखांवर नऊ दिवस जुन्या दरानं ३,३५३.४२, बावीस दिवस नव्या दरानं ७,९५६.१६, एकूण ११,३०९.५८.

बँकेनं कोणता दर लावला हे कळत नसेल तर उलटं मोजा: महिन्याचं व्याज गुणिले ३६५, भागिले मुद्दल आणि दिवस यांचा गुणाकार. जूनच्या ६,९८६.३० वरून बरोबर ८.५ येतो. त्याऐवजी ८.६२ आला तर बँक एकतर बारानं भागतेय किंवा वर्ष ३६० दिवसांचं धरतेय. जुलैचा आकडा बघा. तो जूनइतकाच ७,०८३ असेल तर बारानं भागलंय, वाढून ७,३१९ झाला असेल तर ३६० दिवस.

रुपयाच्या आतला फरक आकडा पूर्ण रुपयात केल्याचा असतो, तो सोडून द्या. भरणा उशिरा गेला असेल तर मात्र दंडाची रक्कम व्याजात मिसळू नका, ‘दंड शुल्क’ असं वेगळं खर्च खातं ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड हा जादा व्याजदराच्या रूपात लावता येत नाही, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. वेगळं खातं असलं की हे नजरेस पडतं.

मार्च महिना आणि व्याजाचा दाखला

मार्चचं व्याज ३१ मार्चला नावे पडतं, भरलं जातं एप्रिलमध्ये. बचत खात्यावरून थेट खर्च दाखवणाऱ्यांचा आकडा म्हणूनच बँकेच्या दाखल्याशी जुळत नाही. दोन नोंदींच्या पद्धतीत मार्चचं व्याज मार्चमध्येच बसतं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम २४(ब) ची वजावटही देय व्याजावर होती, प्रत्यक्ष भरलेल्या व्याजावर नव्हे.

ताबा-पूर्व खातं वेगळं ठेवायचं कारणही इथेच आहे. जुन्या करप्रणालीत बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षाच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं व्याज त्या वर्षापासून पाच समान भागांत घेता येतं, आणि स्वतः राहायच्या घरासाठी चालू व्याजासह एकूण मर्यादा दोन लाख. नव्या प्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही. पाच वर्षं जपायचा आकडा आहे, तो एका खात्याच्या बेरजेत मिळाला तर बरं.

पूर्ण हप्ता सुरू झाल्यावर

नवं कर्जखातं उघडू नका, सहायकही नको. दोन नोंदींच्या पद्धतीत काही बदलतच नाही, फक्त भरण्याचा आकडा वाढतो. चाळीस लाख, ८.५ टक्के, वीस वर्षं: व्याज २८,३३३ नावे, हप्ता ३४,७१३ जमा, बाकी आपोआप ६,३८० नं उतरते. व्याजाच्या नोंदीतलं खातं तेवढं ताबा-पूर्ववरून नेहमीच्या व्याज खर्चावर बदला.

सोनेतारण: ‘नवं-जुनं’ केलं की हिशेब कसा लिहायचा

सोनेतारण कर्जात महिन्याला व्याज भरायची योजना असेल तर वरचंच सगळं लागू. मुदतीअखेर एकरकमी फेडीची असेल तर दर महिन्याची व्याज-आकारणी टाकत राहा, भरण्याची नोंद येणार नाही, बाकी चढत जाईल. ती चढलेली बाकी दिसायलाच हवी. काही योजनांत व्याज वेळेवर न भरल्यास चढा दर लागतो, त्यामुळे आकडा पावतीवरून घ्या.

गोंधळ होतो तो नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं कर्ज नव्या कर्जातून फेडताना. एक लाखाचं जुनं कर्ज, वर्षाचं दहा हजार व्याज, नवं कर्ज एक लाख पंधरा हजारांचं, आणि हातात आले पाच हजार. लोक लिहितात: पाच हजार मिळाले. कुणी तर उत्पन्नातच दाखवतं. वर्षभराचं दहा हजार व्याज खर्चात कधी येतच नाही.

एकाच नोंदीचे चार भाग करा: नवं कर्ज जमा १,१५,०००, जुनं कर्ज नावे १,००,०००, व्याज खर्च नावे १०,०००, रोख नावे ५,०००. व्याज दरमहा आधीच टाकत आला असाल तर जुन्या कर्जाची बाकीच १,१०,००० असेल, तेव्हा तेवढी नावे टाका आणि व्याजाचा भाग गाळा. जुनं खातं शून्यावर आलं की त्याच्या गुणधर्मांत जाऊन लपवून टाका, पुसू नका. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या सोने-चांदी तारणाच्या निर्देशांनुसार एकरकमी फेडीच्या कर्जाचं नूतनीकरण साचलेलं व्याज भरल्यावरच करता येतं. म्हणजे यापुढे व्याजाची वेगळी पावती मिळेल आणि ही चार भागांची नोंद दोन सरळ नोंदींत मोडेल.

विमा पॉलिसीवरचं कर्ज

एलआयसीच्या पॉलिसीवरचं कर्ज सहामाही व्याजाचं असतं. मुद्दल मुदतीअखेर किंवा दाव्यातून वळतं झालं तरी चालतं, म्हणून लोक व्याजही विसरतात. न भरलेलं व्याज मुद्दलात मिळवलं जातं. दोन लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी पहिल्या सहामाहीचे ९,५००. ते थकले तर दुसऱ्या सहामाहीचं व्याज २,०९,५०० वर, म्हणजे ९,९५१. इथे महिन्याचा साचा लावू नका. शेड्यूल सहा महिन्यांचं ठेवा, आणि भरणा झाला नसला तरी आकारणीची नोंद टाळू नका. बाकीनं पॉलिसीचं सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच सोडल्यास मिळणारी रक्कम) गाठायला किती जागा उरलीय, हे त्या एका खात्यावरूनच कळतं.